ट्रॅक्टर कुणाशी बोलतो?



या सदराकडे पूर्वी पत्रे येत ती इंजिन काळा धूर का सोडते, पंप हवा का धरतो, आपल्या काळ्या रानाला कोणता नांगर चालेल अशा विचारणांची. अजूनही येतात. पण हल्ली त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘नव्या ट्रॅक्टरात सिमकार्ड असते म्हणे, ते कुणाला फोन करते?’ असे एकाने विचारले आहे. ‘चोरीच्या भीतीने ट्रॅक्टरला डबी बसवून घेतली, ती बरी की वाईट?’ असे दुसऱ्याने. आणि एका भगिनीने लिहिले आहे ते तर विचार करायला लावणारे आहे. त्या लिहितात, ‘आमच्या ह्यांनी जुना ट्रॅक्टर घेतला. महिन्याने आधीचा मालक बाजारात भेटला आणि हसत म्हणाला, काल तुम्ही ओढ्याकडच्या रानात होता ना! त्याला कसे कळले?’

कसे कळले ते सांगतो. पण त्याआधी थोडी वाट चालावी लागेल, कारण मूळ प्रकरण समजल्याशिवाय नुसता उपाय सांगितला तर तो डोक्यात राहत नाही.

जुन्या ट्रॅक्टरात डिझेल पंप, नोझल आणि मिस्त्रीचा कान एवढ्यावर सगळे काम चाले. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ‘ट्रेम ४’ हा नियम लागू झाला. तो पाळायचा तर डिझेल किती, केव्हा आणि किती दाबाने सोडायचे याचा हिशेब क्षणाक्षणाला करावा लागतो. ते माणसाच्या हातचे काम नव्हे. म्हणून इंजिनाजवळ एक बंद डबी आली, तिच्यात लहानसा संगणक. मोटारीत तर अशा डब्या पुष्कळ असतात. एक इंजिनाची, एक ब्रेकची, एक दारांच्या कुलपांची, एक रेडिओची.

या डब्यांना एकमेकींशी बोलायला तारांची एक जोडी असते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली ही पद्धत जगापुढे मांडली. तिला ‘कॅन’ म्हणतात. पद्धत स्वस्त, दणकट आणि धुळीत, धक्क्यांत टिकणारी, म्हणून सगळ्यांनी उचलली. तिच्यात एक गोष्ट मात्र नव्हती. तारेवर जे बोलले जाते ते सगळ्या डब्यांना ऐकू जाते, आणि बोलले कोण याची सही कुठेच नसते. अंधारात चावडीवर मंडळी बसलेली आहेत आणि कुणीतरी ओरडले, ‘पाटाचे पाणी सोडा!’ तर पाटकरी उठतो आणि दार उचलतो. ओरडला तो पाटील की वाटेवरचा उपरा, हे तो पाहत नाही. १९८६ साली त्यात काही बिघडत नव्हते, कारण गाडीच्या बाहेरचा माणूस त्या तारेपर्यंत पोहोचूच शकत नव्हता. वाड्याला चारी बाजूंनी भिंत होती.

मग त्या भिंतीला दार पाडले गेले. ते दार म्हणजे आपले सिमकार्ड.

सिमकार्डाची डबी करते काय? ट्रॅक्टर कुठे उभा आहे, किती तास चालला, टाकीत डिझेल किती, इंजिन किती तापले, सर्व्हिसिंग कधी आले, ही माहिती ती मोबाईलच्या टॉवरमार्फत कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे पाठवते. त्या संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. तुम्ही मोबाईलवर पाहता ते ट्रॅक्टरकडून थेट येत नाही, ते या सर्व्हरकडून येते. महिंद्राची ‘डिजिसेन्स’ नावाची सोय २०१६ पासून आहे, जॉन डियरची ‘जेडीलिंक’ आहे, इतर कंपन्यांच्याही आहेत. सोय खोटी नाही. हार्वेस्टर पंजाबातून निघून आपल्याकडे कापणीला आलेला असतो आणि त्याचा मालक घरी बसून पाहतो, की यंत्र आज किती तास चालले. चालकाने डिझेल कुठे आणि कसे संपवले हेही त्याला दिसते. (चालक मंडळींना ही डबी का आवडत नाही, हे वेगळे सांगायला नको.)

पण या रस्त्यावर वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. माहिती इकडून जाते तसा हुकूम तिकडून येतो. इंजिन बंद कर, दार उघड, नवीन प्रोग्राम भरून घे. आता खरा प्रश्न आला. तो हुकूम देणारा खरोखर कंपनीच आहे, की मध्येच कुणी तिचा आवाज काढतो आहे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर आठवा. रात्री बाराला लाईट येते, म्हणून घरबसल्या फोन करून पंप चालू करायची सोय आपण केली. स्टार्टर कुणाच्याही नंबरावरून ऐकणारा असेल, तर त्याचे सिम ज्याला ठाऊक तो पंप चालू करील, नाहीतर ऐन पाळीत बंद करील. म्हणून त्यात ठरावीक नंबर भरून ठेवायची सोय असते आणि बाकीच्यांचे फोन तो घेत नाही. हे झाले ओळख पटवणे. पण हा पहाराही कच्चाच. फोनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो, हे अलीकडच्या फसवणुकींमुळे सगळ्यांना माहीत झाले आहे. नंबर पाहून विश्वास ठेवणे म्हणजे पाकिटावरचे पाठवणाऱ्याचे नाव वाचून विश्वास ठेवणे. नाव कुणीही लिहील.

मोठ्या कंपन्या तरी काळजी घेत असतील, असे आपल्याला वाटते. जानेवारी २०१५ मध्ये जर्मनीत जे उघडकीस आले ते ऐका. तिथल्या मोटारमालकांच्या ‘एडीएसी’ या मोठ्या संघटनेने बीएमडब्ल्यू मोटारींची तपासणी करवली होती. या गाड्या आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यामधला काही संवाद चक्क उघड्यावर चालला होता. पाकीट नाही, लाख नाही, सरळ पोस्टकार्ड. जिथे कुलूप होते तिथे सगळ्या गाड्यांना एकच किल्ली. म्हणजे एक गाडी विकत घ्यावी, खोलून तिची किल्ली पाहावी, की सगळ्या गाड्यांची किल्ली हाती. खोटा मोबाईल टॉवर उभा करून तपासनीसाने काही मिनिटांत दारे उघडून दाखवली. अशा गाड्या जवळजवळ २२ लाख होत्या. संघटनेने एक चांगली गोष्ट केली. कंपनीला आधी कळवले, दुरुस्ती होईपर्यंत वाट पाहिली आणि मगच बाहेर सांगितले. दुरुस्तीही गाड्यांना गॅरेजमध्ये न बोलावता, त्याच हवेतल्या रस्त्याने पाठवली गेली. बँकांचा व्यवहार इंटरनेटवर ज्या कुलूपबंद पद्धतीने चालतो, ती तेव्हा लागू केली. इतकी जुनी पद्धत इतक्या महाग गाडीत आधीपासून का नव्हती, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

ही कुलूपबंद पद्धत चालते कशी? तिच्यात एक गंमत आहे. दोघांनी चोरून बोलायचे तर दोघांकडे सारखी किल्ली हवी, आणि ती किल्ली एकमेकांना द्यायची तर वाटेत कुणी पाहील, अशी जुनी अडचण होती. तिच्यावर १९७० च्या दशकात गणितवाल्यांनी तोड काढली. समजा, तुम्ही लोहाराकडून हजार कुलुपे करून घेतली, सगळ्यांना एकच किल्ली, आणि ती तुमच्या कनवटीला. कुलुपे उघडीच ठेवून गावोगाव वाटून टाकली. आता ज्याला तुम्हाला काही पाठवायचे आहे त्याने ते पेटीत घालावे, तुमचे कुलूप दाबून बंद करावे आणि पेटी एसटीत टाकून द्यावी. कुलूप लावता सगळ्यांना येते, उघडता फक्त तुम्हाला. खुद्द लावणाऱ्यालाही ते परत उघडत नाही. सर्व्हर असे उघडे कुलूप ट्रॅक्टरकडे पाठवतो. या मार्गाने दोघे मिळून त्या दिवसापुरती एक लहान किल्ली ठरवतात आणि पुढचे बोलणे तिने बंद करून चालते. उद्या नवी किल्ली.

मात्र ते उघडे कुलूप खरोखर कंपनीचेच आहे, हे ट्रॅक्टरने कसे ओळखावे? वाटेत एखाद्याने आपले कुलूप पुढे केले तर? त्यासाठी कुलपावर मोहोर असते. आपण सातबारा घेतो तेव्हा तो कुणी लिहिला याला महत्त्व नसते, त्यावर अधिकाऱ्याची सही आहे का ते पाहतो. तशी कोणती मोहोर खरी, हे कारखान्यातच ट्रॅक्टरच्या डबीत नोंदवून ठेवलेले असते. चांगल्या व्यवस्थेत उलटी तपासणीही होते. ट्रॅक्टरलाही स्वतःची वेगळी किल्ली दिलेली असते, म्हणजे सर्व्हरला कळते की बोलणारा हाच ट्रॅक्टर आहे, दुसऱ्याने त्याचे सोंग घेतलेले नाही. प्रत्येक यंत्राची किल्ली निराळी. एक फुटली तर एकाचेच नुकसान, गावाचे नाही.

आणखी एक खोड आहे. हुकूम खरा असेल, मोहोर खरी असेल, पण हुकूम कालचा असेल तर? साखर कारखान्याच्या काट्यावर एकदा वापरलेली पावती दुसऱ्या खेपेला कुणी पुढे केली, तर कारकून ती घेत नाही, कारण पावतीवर नंबर असतो आणि तो नंबर वहीत लागलेला असतो. तसाच ‘दार उघड’ हा खरा हुकूम कुणी हवेतून टिपून ठेवला आणि रात्री पुन्हा ऐकवला, तर गाडीने तो नाकारायला हवा. म्हणून प्रत्येक हुकमावर चढता नंबर किंवा वेळ घातलेली असते. गणित बरोबर असूनही ही साधी वहीची युक्ती विसरल्यामुळे फसगत झालेली आहे.

आता अमेरिकेतले ते गाजलेले प्रकरण. जुलै २०१५. चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलसेक या दोन जाणकारांनी सेंट लुईस शहराजवळच्या हमरस्त्यावर एका पत्रकाराला जीप चेरोकी गाडी चालवायला दिली आणि स्वतः काही मैलांवर घरात लॅपटॉप घेऊन बसले. आधी गाडीतला थंड वारा जोरात सुटला, मग रेडिओ कर्कश झाला, वायपर फिरू लागले. आणि मग धावत्या गाडीचा वेगच मेला. पत्रकार पाय दाबतो आहे, गाडी पुढे जात नाही, मागून ट्रक येत आहेत. पत्रकाराला काहीतरी होणार हे माहीत होते, तरी त्याचे पाणी झाले.

हे झाले कसे? त्या गाडीच्या रेडिओच्या डबीत सिमकार्ड होते. बाहेरून येणाऱ्यासाठी तिचे एक दार सताड उघडे होते, आणि त्या मोबाईल कंपनीच्या जाळ्यातला कुणीही त्या दारापर्यंत येऊ शकत होता. आत शिरल्यावर त्या दोघांनी शेजारच्या लहान चिपमधला प्रोग्राम बदलला. नवा प्रोग्राम कंपनीचाच आहे का, हे त्या चिपने विचारलेच नाही, कारण मोहोर तपासायची सोय तिच्यात नव्हती. ती चिप होती ‘कॅन’ च्या तारेवर. पुढे काय, ते तुम्हीच ताडले असेल. चावडीवर हाळी दिली गेली आणि पाटकऱ्यांनी दारे उचलली.

कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मालकांना नवा प्रोग्राम पेनड्राईव्हवर घालून टपालाने पाठवला, आणि मोबाईल कंपनीने आपल्या जाळ्यातले ते दार बंद केले. या दोघांनी वाईट हेतूने काहीच केले नव्हते, कंपनीला आधीच कळवलेले होते. पण तेव्हापासून मोटार कंपन्या ही बाब हसण्यावारी नेईनाशा झाल्या. एका गाडीत एका ठिकाणी नव्हे, तीन ठिकाणी पहारा हवा, हे त्यातून पटले. बाहेरच्या दारावर एक, नवा प्रोग्राम भरताना मोहोर पाहणारा दुसरा, आणि रेडिओकडून ब्रेककडे जाणाऱ्या वाटेवर उभा राहून ‘तुझे इकडे काय काम?’ असे विचारणारा तिसरा.

गाडी कितीही पक्की केली आणि सर्व्हरच्या कचेरीचे दार उघडे राहिले तर काय उपयोग? फेब्रुवारी २०१६ मध्ये निस्सान लीफ या विजेच्या मोटारीचे असेच झाले. मोबाईलवरून गाडीचा हीटर चालू करायची सोय होती. हुकूम देणारा मालक आहे का, हे सर्व्हर पाहतच नव्हता. गाडीचा चेसिस नंबर सांगा, काम झाले. तो नंबर पुढच्या काचेतून कुणालाही वाचता येतो! ट्रॉय हंट या जाणकाराने ऑस्ट्रेलियात बसून इंग्लंडमधील आपल्या मित्राच्या गाडीचा हीटर चालू करून दाखवला. गाडीच्या फेऱ्यांची नोंदही त्याला दिसली. कंपनीला ती सोय काही काळ बंद ठेवावी लागली. गट नंबर सांगितला की तलाठ्याने जमीन नावावर करून द्यावी, तशातली ही गोष्ट.

२०२४ साली किआ गाड्यांच्या बाबतीत काही तपासनीसांना नुसत्या नंबरप्लेटवरून गाडीपर्यंत पोहोचता आले. चूक गाडीत नव्हती. विक्रेत्यांसाठी केलेल्या संगणक व्यवस्थेत बाहेरच्याला विक्रेता म्हणून नाव नोंदवता येत होते, आणि मग मालकाच्या जागी स्वतःला बसवता येत होते. जूनमध्ये कंपनीला कळवले, ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाली, सप्टेंबरमध्ये लोकांना सांगितले.

हे सगळे परदेशचे, मोठ्या मोटारींचे झाले. आपल्याला जे खरोखर लागू पडते ते वेगळे आहे, आणि ते म्हणजे बाजारातून आणून बसवलेली स्वस्त जीपीएस डबी. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकल यांच्या चोऱ्या वाढल्या, की तालुक्याच्या गावचा इलेक्ट्रिशियन सांगतो, ‘काका, ही डबी टाका, गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसेल, आणि चोरी झालीच तर एसएमएस करा, इंजिन बंद पडेल.’ त्यासाठी तो डिझेलच्या वायरीत एक रिले टाकतो. कल्पना छान आहे. पण मग तो एसएमएस आणखी कोण करू शकेल, हे विचारायचे राहून जाते.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने अशाच एका डबीबद्दल इशारा काढला. शेन्झेन या चिनी शहरातील मायकोडस कंपनीची ‘एमव्ही ७२०’ ही डबी. या कंपनीच्या डब्या १६९ देशांत मिळून १५ लाख गाड्यांत असल्याचे सांगितले जात होते. तपासणीत आढळले ते असे. एक गुरुकिल्लीसारखा पासवर्ड कंपनीनेच आत कोरून ठेवलेला होता, आणि तो ज्याला सापडेल त्याला मालकाच्या नावाने हुकूम देता येत होता. काही हुकूम तर डबी पासवर्डाशिवाय एसएमएसवर ऐकत होती. आणि ग्राहकाला जो पासवर्ड दिला जाई तो होता १२३४५६. तो बदला, अशी सक्ती नव्हती. अशा डबीमार्फत गाडी कुठे जाते हे पाहता येत होते आणि डिझेल तोडून ती बंदही पाडता येत होती. इशारा निघाला तेव्हा कंपनीकडून दुरुस्ती आलेली नव्हती. तपासणाऱ्या मंडळींचा सल्ला होता, की तूर्त डबी काढून ठेवा.

तेव्हा तुमच्या ट्रॅक्टरला अशी डबी असेल तर पहिले काम म्हणजे तिचा मूळ पासवर्ड बदलणे. डबीबरोबर आलेल्या चिठोऱ्यावर त्याचा एसएमएस कसा करायचा ते लिहिलेले असते. चिठोरे हरवले असेल तर ज्याने बसवली त्याच्याकडून, त्याच्यासमोर नव्हे तर त्याला पाठ करून, नवा आकडा घाला. दुकानदार भला असेल, पण त्याच्याकडे दोनशे गिऱ्हाइकांचे आकडे एका वहीत असतात आणि ती वही काउंटरवर पडलेली असते. आकडा मुलाचे जन्मसाल किंवा ट्रॅक्टरचा नंबर नको. डबीतले सिम तुमच्या नावावर असावे आणि त्याचा नंबर घराबाहेर कुणाला देऊ नये. ‘फक्त या नंबरांचेच ऐक’ अशी सोय असेल तर ती चालू करावी. अपुरी असली तरी दाराला कडी असलेली बरी.

इंजिन बंद पाडणारा रिले टाकावा का? माझे मत विचाराल तर ज्या ट्रॅक्टरला भरलेली उसाची ट्रॉली जोडून घाट उतरायचा आहे, त्याच्या डिझेलच्या वायरीत हजार-दीड हजारांच्या डबीचा रिले नसावा. हुकूम चोराचा असो, चुकीचा असो की वायर सैल झाल्यामुळे असो, उतारावर इंजिन मेले की पॉवर स्टिअरिंग जड होते. रिले टाकायचाच तर गाडी थांबलेली किंवा अगदी सावकाश असतानाच तोडणारी डबी घ्यावी. तसे लेखी मागावे, तोंडी नको. ट्रॅक्टर कुठे आहे हे दाखवण्यापुरती डबी मात्र खुशाल ठेवा.

आता त्या भगिनींच्या पत्राकडे. बाई, आधीच्या मालकाला कुणी जाऊन सांगितले नाही. ट्रॅक्टर विकताना आरसी बुक तुमच्या नावावर झाले, विमा झाला, पण कंपनीच्या सर्व्हरमध्ये मालक म्हणून त्याचेच नाव आणि त्याचाच मोबाईल राहिला. ट्रॅक्टर इमानाने रोज त्याला सांगतो, की मी आज ओढ्याकडे होतो. त्याचा यात दोष असेलच असे नाही. २०१७ साली आयबीएम कंपनीतले चार्ल्स हेंडरसन हे सुरक्षातज्ज्ञ स्वतःची जुनी मोटार देऊन मोकळे झाले होते. विकण्यापूर्वी त्यांनी गाडीतले सगळे पुसलेही होते. तरी पुढे बराच काळ ती गाडी त्यांच्या मोबाईलवर दिसत राहिली, तिची दारे उघडता येत राहिली. कारण पुसायचे होते ते गाडीत नव्हतेच, ते सर्व्हरवर होते. तज्ज्ञाची ही कथा, मग तुमच्या यजमानांना काय बोलायचे?

करायचे ते असे. आरसी बुकाची आणि विक्रीच्या कागदाची झेरॉक्स घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जावे. ‘आधीच्या मालकाचे खाते या चेसिस नंबरावरून काढा आणि आमचा नंबर लावा’ असे सांगावे आणि काढल्याचा कागद किंवा एसएमएस मागावा. विक्रेता ‘हो करतो’ म्हणून टाळू लागला तर कंपनीच्या टोल फ्री नंबरावर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. मग आधीच्या मालकाला गोडीने विचारावे, ‘भाऊ, आता दिसतो का?’ त्याच्या मोबाईलवर तोच पाहून खात्री करून देईल. ट्रॅक्टरला बाहेरची डबी असेल तर ती निराळी. तिचे सिम बदला. आणि उद्या आपण काही विकले, तर आपले नाव आपणच काढून द्यावे. ट्रॅक्टर कर्जावर असेल तर कर्जाच्या कागदांत ‘वाहनाचा ठावठिकाणा पाहण्याचा अधिकार’ अशा अर्थाचे वाक्य आहे का, ते सही करण्यापूर्वी मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावे.

कुलूप पक्के असले तरी किल्ली कुणाकडे, हा प्रश्न उरतोच. मे २०२२ मध्ये बातमी आली, की युक्रेनमधील मेलिटोपोल गावच्या जॉन डियर विक्रेत्याकडून रशियन सैनिकांनी सुमारे ५० लाख डॉलर किमतीची शेतीयंत्रे उचलून नेली. काही तर हजारभर किलोमीटर दूर चेचन्यापर्यंत गेली. तिथे ती चालू करायला गेले तर यंत्रे ढिम्म. दूरवरून कुलूप लावले गेले होते. वाचून बरे वाटले, मलाही वाटले. पण त्याच वेळी अनेक शेतकऱ्यांच्या मनात आले, की चोराच्या हातातले यंत्र ज्याला बंद पाडता येते त्याला माझ्या हातातलेही येते. अमेरिकेत आपला ट्रॅक्टर आपण किंवा गावच्या मिस्त्रीने दुरुस्त करावा, त्यासाठी कंपनीच्या संगणकाची परवानगी का लागावी, यावरून मोठा वाद आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने या मुद्द्यावर जॉन डियरवर दावा दाखल केला. कंपन्या म्हणतात, सगळ्यांना किल्ल्या दिल्या तर सुरक्षा राहणार नाही. त्यात तथ्य आहे, पण सगळेच तथ्य नाही. मोहोर कंपनीची असावी, परंतु ट्रॅक्टरचा आजार वाचण्याचा हक्क मालकाला असावा, असे मला वाटते. यात चोराची सोय होत नाही.

सरकारे याबाबत अगदीच झोपलेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०२० साली मोटारी, बस आणि ट्रकांच्या सायबर सुरक्षेचा नियम मंजूर झाला, आणि युरोपात जुलै २०२४ पासून तो सर्व नव्या गाड्यांना लागू आहे. गाडी विकली म्हणजे सुटलो, असे कंपनीला त्यात म्हणता येत नाही. धोक्यांवर पुढेही लक्ष ठेवावे लागते. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी बसगाड्यांना आणि टॅक्सींना ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटकाळचे बटण आवश्यक झाले. बसमधले ते लाल बटण तुम्ही पाहिले असेल. तेही याच रस्त्याने सर्व्हरशी बोलते. मुलीबाळी रात्रीच्या गाडीने येतात तेव्हा बटण दाबल्यावर पलीकडे खरोखर कुणी ऐकते का, हे डेपोत विचारायला संकोच करू नये.

राहिलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात. ट्रॅक्टर आपले बोलणे ऐकतो का? ज्यात फोनवर बोलायची सोय नाही त्या ट्रॅक्टरात माईक बसवायचे कारणच नसते. चारचाकीत तशी सोय असेल तर माईक असतो. आणि आमच्या शिवारात रेंज नसते, मग काय होते? डबी माहिती साठवून ठेवते आणि रस्त्यावर आल्यावर एकदम पाठवते. ट्रॅक्टर मात्र रेंज नसली तरी चाललाच पाहिजे. तुमचा अडत असेल तर तो बिघाड समजून विक्रेत्याला लेखी कळवा. कंपनीकडून नवा प्रोग्राम आल्याची सूचना पडद्यावर आली तर ती विक्रेत्याकडूनच भरून घ्या. व्हॉट्सॲपवर कुणी ‘ट्रॅक्टरचे नवे ॲप’ म्हणून फाईल पाठवली, तर ती उघडू नका आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, मग तो स्वतःला कंपनीचा इंजिनिअर म्हणवो की कुणाचा मेहुणा.

मळणीयंत्राचा पट्टा वारंवार का उतरतो याबद्दल आलेल्या पत्रांना पुढील अंकी उत्तरे देऊ. ज्यांनी पत्रात पुलीचे माप लिहिलेले नाही त्यांनी ते कळवावे.